सोनवणे सरांचा रुमाल

एफ.वाय.च्या पहिल्या प्रॅक्टिकलला पहिला नमुना सोनवणे सरांच्या दातांचा असायचा. पोरं नवीकोरी पांढरी ॲप्रन घालून उभी. कुणाच्या ॲप्रनला अजून दुकानाची घडी, कुणाचं मोठ्या बहिणीचं. सर खिशातून टूथपिक काढणार, सगळ्यांसमोर तोंड उघडणार, मागच्या दाढेच्या कडेवरून टूथपिक फिरवणार आणि काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ते कालवणार. मग वाळवणं, बर्नरच्या ज्योतीवरून फिरवणं, जांभळा रंग, धुणं. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली लावून म्हणणार, "या. बघा. सोनवण्यांच्या घरची मंडळी."

एका वर्षी नांदगावहून आलेली वैष्णवी नावाची मुलगी बराच वेळ डोळा लावून बसली. मग मान वर करून तिने अगदी काळजीने विचारलं, "सर, तुम्ही दात घासत नाय का?"

वर्ग फुटला. सर पण हसले. "घासतो गं बाई, दोन्ही वेळा घासतो. तरी राहतात. भाडेकरू आहेत ते. आपण घरमालक, पण काढता येत नाही. आता तुझी पाळी. उघड तोंड."

हा त्यांचा नियमच होता. दुसऱ्याचं बघायच्या आधी स्वतःचं बघायचं. पहिल्या टर्मभर पोरांना बाहेरचा एकही नमुना मिळायचा नाही. स्वतःचे दात, स्वतःची बोटं, स्वतःच्या मोबाईलची काच. "जंतू म्हटलं की लोकांना शेजाऱ्याचं गटार आठवतं," ते म्हणायचे. "घरापासून सुरुवात करा."

मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जितके तास तितकी मी. वय पंचेचाळिशीच्या पुढे गेलं तरी कॉलेजच्या भिंतीवरच्या यादीत माझं नाव खडूने लिहिलेलं असतं. सर कायम, विभागप्रमुख. मला सगळे जाधव मॅडम म्हणतात, सरही म्हणायचे. सर गेल्यावर कॉलेजच्या अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला, मी एक पान लिहून दिलं. दातांचा किस्सा त्यात होता. लोकांना आवडला. त्या पानात खोटं काही नव्हतं. जे नव्हतं ते इथे लिहिते आहे.

सर सटाण्याकडचे. तीसेक वर्षं नाशकात राहून बोलणं शहरी झालं होतं, पण चिडले की अहिराणी बाहेर यायची. चिडायचे एकाच गोष्टीवर. सूक्ष्मदर्शकाचं मोठं भिंग खाली आणताना पोरांनी डोळा लावून ठेवला की. कारण मग भिंग काचेवर टेकतं, काच फुटते, कधी भिंगही जातं. "भाऊ, काय करी राहिना तू?" मागून आवाज यायचा आणि पोरगा जागच्या जागी गोठायचा. "डोळा बाजूला. बाजूने बघत भिंग खाली आण. टेकतंय असं वाटलं की थांब. आता डोळा लाव, आणि आता वर, फक्त वर. खाली जाताना बाजूने बघायचं, वर येताना आतून." हे ते इतक्यांदा म्हणत की पोरं जिन्यावरून उतरताना एकमेकांना म्हणायची, "डोळा बाजूला!"

शिवाय खिशात कायम काळा मार्कर. दिसेल त्यावर नाव आणि तारीख. प्लेटवर, बाटलीवर, स्पिरिटच्या कॅनवर, स्वतःच्या डब्याच्या झाकणावर सुद्धा. एकदा प्राचार्यांनी विभागाला नवं कपाट दिलं, तर सरांनी त्यांच्यासमोरच त्याच्या बाजूवर तारीख टाकली. प्राचार्य म्हणाले, "अहो सोनवणे, कपाट आहे ते." सर म्हणाले, "म्हणूनच. उद्या विचाराल कधी दिलं." नाव-तारीख नसलेली प्लेट दिसली की ते ती उचलून वर्गाला दाखवत. "ही बेवारस. हिचं काय करायचं? उकळायचं आणि टाकून द्यायचं."

डबा आम्ही एकत्र खायचो. त्यांच्या डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, माझ्यात पोळी-भाजी. एका ताटलीत दोन्ही. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या वाटची अर्धी भाकरी जास्तीची घालत.

एका हिवाळ्यात सरांना खोकला लागला. नाशिकच्या थंडीत कुणाला नसतो? सर बारीक झाले होते, पण मुलीचं लग्न जमवण्याची धावपळ चालली होती, पँट ढिली झाली तर बापाची होणारच असं सगळे म्हणत. मीही म्हटलं.

त्याच दिवसांत एकदा दुपारी कॉलेज सुटल्यावर मी हेल्मेट विसरले म्हणून परत गेले. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. फिनेलसारखा एक वास होता, लाल रंग तापवल्यावर येतो तो. हा रंग एफ.वाय.ला लागत नाही. सर बेसिनजवळ हात धूत होते, पाठमोरे. खिडकीजवळच्या सूक्ष्मदर्शकावर दिवा चालू होता. मी सवयीने वाकून पाहिलं. बाहेर कुणाचं उघडं पुस्तक पडलेलं दिसलं तर आपण दोन ओळी वाचतो ना, तसं.

निळ्या रंगावर बारीक लालसर काड्या. कुठे एकेकट्या, कुठे दोन-तीन एकमेकींना टेकून. मायक्रोबायोलॉजी शिकलेल्या माणसाला यापुढे सांगावं लागत नाही. क्षय. टीबी.

"कोणाचं आहे हो सर हे?"

सर वळले. हात पुसायला खूप वेळ लावला. "हे होय? जुनी स्लाइड आहे मॅडम. थर्ड इयरला दाखवायला काढली."

"अच्छा," मी म्हटलं. हेल्मेट उचललं आणि निघाले.

दाखवायच्या स्लाइडची पेटी मी रोज बघते. तिच्यातल्या प्रत्येक काचेवर सरांच्याच अक्षरात नाव आणि तारीख आहे. या काचेवर काही लिहिलेलं नव्हतं. वर तेलाचा थेंब ताजा होता. आणि या माणसाचा नियम मला ठाऊक होता. नमुना घ्यायचा तर आधी स्वतःचा.

मला माहीत होतं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मी सांगितलं की मी सोमवारचा उपवास धरलाय. मग गुरुवारचाही धरला. मग म्हटलं, डॉक्टरांनी भाकरी बंद केली. डब्यातून टीबी होत नाही हे मी दरवर्षी परीक्षेत विचारते, उत्तर चुकलं तर गुण कापते. तरी माझं टेबल मी खिडकीकडे सरकवलं. सरांनी एकदाच विचारलं, "मॅडम, ठेचा तिखट होतो का? हिला सांगतो कमी करायला." मी म्हटलं, नाही हो, तसं काही नाही.

तेव्हाच का बोलले नाही? कारणं माझ्याकडे खूप होती. सर रजेवर गेले असते तर त्यांचे तास माझ्याकडे आले असते. स्टाफरूममध्ये लोक म्हणाले असते, बघा, जागेसाठी बाईने माणसाला टीबी लावला. दुसरं, ॲडमिशन आधीच कमी. टीबीचं नाव निघालं की पालक पोरांना काढून घेतील, विभाग बंद होईल, मग तासही नाहीत आणि मीही नाही. तिसरं, त्यांच्या मुलीचं बोलणं चालू होतं. या सगळ्या कारणांच्या खाली आणखी एक होतं. मला ते माहीतच असायला नको होतं. जे माहीत नाही त्याचं काही करावं लागत नाही.

मुलांचं आत्ताच सांगून टाकते. पुढे सगळ्यांची तपासणी झाली. कुणाला काही निघालं नाही. हे मी सुटका म्हणून सांगत नाही. मला तेव्हा तसं होईल हे माहीत नव्हतं.

जानेवारीनंतर सरांचा रुमाल रंगायला लागला. सर नेहमी पांढरा शर्ट आणि पांढरा रुमाल वापरायचे. नाशकात ऊन तापायला लागलं की वर्गात त्यांना घाम यायचा. पूर्वी रुमाल ओला व्हायचा, आता त्यावर फिकट नारिंगी डाग उठू लागला. कॉलरच्या आतही तसाच. टीबीच्या गोळ्यांमध्ये एक गोळी अशी असते की तिने घाम, लघवी, डोळ्यांतलं पाणी, सगळं नारिंगी होतं. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं पावभाजीचा डाग. मी पाहिलं आणि मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी घरी जाताना मिठाई घेतली. मुलाने विचारलं, "आई, कशाची?" मी म्हटलं, सहज.

म्हणजे सर औषध घेत होते. कुठून, ते नंतर कळलं. मालेगावला त्यांच्या चुलतभावाचं मेडिकल आहे. सरकारी दवाखान्यात नाव लिहिलं की कर्मचारी घरी येतात, घरच्यांना तपासतात, आणि इंदिरानगरच्या त्यांच्या सोसायटीत मुलाकडचे पाहुणे येऊन गेले होते. म्हणून मालेगाव. गोळ्या एस.टी.ने यायच्या, पिशवीत कापडाखाली. वहिनींना सांगितलं होतं, पित्ताच्या आहेत.

रोज सकाळी मी आधी सरांचा रुमाल बघायचे. नारिंगी आहे, ठीक. खोकला कमी झाला. गाल जरा भरले. एकदा सर म्हणाले, "मॅडम, तुमचे उपवास संपले का? आज हिने वांग्याचं भरीत दिलंय." मी जाऊन त्यांच्या टेबलाशी बसले. बऱ्याच दिवसांनी. भरीत चांगलं होतं. मला वाटलं, सगळं न बोलता नीट झालं. न बोलण्याचा मला तेव्हा थोडा अभिमानही वाटला असेल.

मार्चच्या शेवटी सरांचं एक ठरलेलं लेक्चर असायचं. दुसऱ्या वर्गांतली पोरंही दारात येऊन उभी राहायची. मीही राहायचे. सर सगळ्या वर्गाला उभं करायचे. "तुम्ही जंतू. मी गोळी. पहिला दिवस." मग पुढच्या बाकावरच्यांना म्हणायचे, "तुम्ही लेचेपेचे. मेलात. बसा." पोरं नाटकीपणाने छातीला हात लावून बसायची. दुसरा दिवस, आणखी काही बसले. असं करत मागच्या बाकांवरचे चार-पाच दांडगे उरायचे. सर खडू खाली ठेवायचे. "आता पेशंटला बरं वाटायला लागलं. भूक लागली. ताप गेला. पेशंट काय करतो?"

"गोळी बंद!" सगळा वर्ग ओरडायचा.

"बंद. आणि हे कोण उभे राहिले? बघा यांच्याकडे. नीट बघा. उद्या सगळा वर्ग यांच्याच पोरांनी भरणार. ही मंडळी गोळीला हसणार."

मागचे दांडगे हात वर करून नाचायचे. घंटा व्हायची.

त्या वर्षी लेक्चर नेहमीसारखंच झालं. किंबहुना चांगलं झालं. सर वर्गभर फिरत होते, घामाने निथळले होते. "पेशंट काय करतो?" त्यांनी विचारलं, पोरं ओरडली, आणि सरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ, मान, कॉलरच्या आत सगळं पुसलं.

रुमाल पांढरा होता.

ओला, चुरगळलेला आणि पांढरा. मी दारात उभी होते. त्या वर्गात पन्नास-साठ माणसं होती आणि त्या रुमालावरचं वाचता येणारी मी एकटी. गोळी बंद केली की दोन दिवसांत रंग जातो. आणि कोर्स सहा महिन्यांचा असतो. हेही मी परीक्षेत विचारते.

सर बाहेर आले. "कसं झालं मॅडम?"

"छान झालं सर."

"मागचा तो काळे बघितला का? मरायलाच तयार नाही!" ते हसत होते. खरंच खूष होते.

तेव्हा बोलायला हवं होतं. हिवाळ्यातलं माझं गप्प राहणं मी स्वतःला समजावू शकते, घाबरले होते, खात्री नव्हती. मार्चमध्ये खात्री होती. फक्त एक वाक्य लागत होतं. "सर, गोळ्या का बंद केल्या?" पण ते वाक्य बोलायचं तर हिवाळ्यापासून मला माहीत होतं हेही बोलावं लागत होतं. पहिलं वाक्य न बोलल्याने दुसरं अडकलं होतं. मी चार-पाच दिवस रोज ठरवून जायचे. एकदा तर त्यांच्या केबिनपर्यंत गेले. सर पत्रिकेवर नावं घालत होते. वर बघून म्हणाले, "या या, तुमचीच आठवण काढली. साखरपुड्याला यायचंय हां. सहकुटुंब." मी पत्रिका घेतली आणि आले.

साखरपुड्यात सर पाहुण्यांना आग्रह करकरून वाढत होते. नंतर वहिनींनी मला सांगितलं, त्या पित्ताच्या गोळ्यांनी त्यांना उलट्या व्हायच्या, जेवण राहायचं नाही. "पाहुण्यांत बसून उठून पळावं लागेल म्हणून बंद केल्या म्हणे. खोकला तर गेलाच होता ना. मला काय माहीत हो मॅडम, कशाच्या होत्या." हे सांगताना त्या माझा हात धरून होत्या. मी हात काढून घेतला नाही, एवढंच.

त्यांना माहीत होतं. सरांना. पोरांना नाचवून शिकवणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण मला वाटतं, आपण वर्गात जे शिकवतो ते पोरांच्या अंगासाठी असतं. स्वतःच्या अंगाला ते लागू होतं हे मनाला पटत नाही. त्यांना असंही वाटलं असेल, लग्न होऊ दे, मग परत सुरू करू. थोडे दिवस. भिंग खाली जाताना बाजूने बघायचं सांगणारा माणूस स्वतः मात्र डोळा लावून बसला होता, आणि बाजूने बघत होते ती मी. मी मागून ओरडले नाही.

पावसाळ्यात खोकला परत आला. दिवाळीच्या आधी वर्गात सरांच्या तोंडातून रक्त आलं आणि त्यांनी पटकन तोच पांढरा रुमाल लावला. आता लपवायला जागाच उरली नाही. सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. जी गोळी रुमाल रंगवायची तीच आता चालणार नाही असं निघालं. मग दुसरी औषधं, लांबचा कोर्स, रोजच्या मूठभर गोळ्या. सरांनी या वेळी एकही चुकवली नाही, असं वहिनी सांगतात. फुप्फुसांत पण फारसं काही उरलं नव्हतं.

त्यांचे तास माझ्याकडे आले. पुढच्या वर्षी एफ.वाय.चं पहिलं प्रॅक्टिकलही मी घेतलं. टूथपिक हातात घेतली, आणि स्वतःचं तोंड उघडायच्या ऐवजी समोरच्या मुलाच्या हातात दिली.

सर मध्ये काही दिवस घरी होते, तेव्हा मी भेटायला गेले. तीच शेवटची भेट. इंदिरानगरच्या त्या बिल्डिंगीखाली पोचले तर त्यांनी वर येऊ दिलं नाही. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, तोंडाला मास्क, अंगात स्वेटर, उन्हात. हाताने खूण केली, थांबा, आणि फोन लावला. म्हणून आम्ही एकमेकांकडे बघत फोनवर बोललो. मी खाली स्कूटरींच्या मध्ये, ते वर.

"पोरांची काच फुटली का एखादी?"

"दोन फुटल्या सर."

"दोनच? सुधारलात तुम्ही." एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. "मुलगी येऊन गेली काल. मी आत नाही येऊ दिलं. रडली."

मी काहीतरी म्हटलं. बरे व्हाल वगैरे. शेजारून कुणी जात नव्हतं. फोन कानाशी होता, त्यामुळे ओरडायचीही गरज नव्हती. इतकी सोय मला पुन्हा कधीच मिळणार नव्हती हे मला तिथे उभं असतानाच कळत होतं.

"मॅडम, एक विचारू का? राग नका मानू. तुम्ही तपासून घेतलं ना?"

"घेतलं सर. काही नाही निघालं."

"कधी?"

मी छातीचा फोटो पहिल्यांदा काढला तो त्या स्लाइडनंतर दोनच दिवसांनी. नाशिकरोडला, कुणी ओळखत नाही तिथे, माहेरचं आडनाव सांगून. घरी सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. स्वच्छ आहे म्हणून कळलं तेव्हा रिक्षात बसून रडले. माझी काळजी मी दोन दिवसांत घेतली होती. सर वरून वाकून माझ्याकडे बघत होते आणि उत्तराची वाट बघत होते. त्या एका शब्दाचं खरं उत्तर दिलं असतं तर सगळंच सांगून झालं असतं.

"आत्ताच. मुलांबरोबर झालं ना कॉलेजात, तेव्हा."

"हां." त्यांनी पाठ खुर्चीला टेकवली. "मग बरं. माझ्या जिवाला तेच लागलं होतं. म्हटलं, बाईला घरदार आहे, आपल्यामुळे काही नको व्हायला. बरं झालं."

मग त्यांनी मोठा श्वास घ्यायला सुरुवात केली. फोनमध्ये मला तो ऐकू येत होता. पुरा होत नव्हता. वहिनी आतून आल्या, त्यांनी सरांना काखेत धरून उठवलं. सरांनी जाताना माझ्याकडे हात केला, उन्हात उभ्या राहू नका, जा, असा. फोन बंद करायचा राहून गेला. मीही केला नाही. आतला पंखा ऐकू आला, वहिनींचं "हळू, हळू", पलंगाचा आवाज, आणि मग बराच वेळ ते श्वास. मी स्कूटरींच्या मध्ये फोन कानाला लावून उभी होते. "सर," मी एकदा म्हटलं. फोन बहुतेक टेबलावर ठेवलेला होता.